दोन आठवड्यांचे बिगारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीतले दहा जण जुलैमध्ये दोन आठवड्यांसाठी रवांडातल्या एका खेड्यात, साधारण ६० मीटरच्या झुलत्या पादचारी पुलाच्या कामाला स्वयंसेवक म्हणून जाणार आहेत. तुम्ही चार वर्षं साइटवर काढलेल्या सिव्हिल इंजिनिअर आहात. तिथे आपला खरंच काही उपयोग होतो का, की फोटो काढून परत यायचं? आणि जाण्यापूर्वी काय शिकून घ्यावं?

उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतंय तिथे होत नाही. मी चार कोरडे हंगाम रवांडात अशाच पुलांवर काढले, त्यातले दोन तर तुमच्यासारख्या तुकड्या सांभाळण्यातच गेले. म्हणून जरा लांबण लावते.

आधी जागा समजून घ्या. पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर रवांडा त्याहून लहान आहे, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार तिथे सव्वा कोटीहून जास्त माणसं राहतात. सगळा डोंगराळ मुलूख. घरं टेकडीच्या उतारावर, शेतं खाली दरीत, आणि शाळा, दवाखाना किंवा बाजार बरेचदा समोरच्या टेकडीवर. मध्ये नदी. पाऊस वर्षातून दोनदा: मार्च ते मे आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे छत्र्या उघडतात तेव्हा तिथे धूळ उडत असते, म्हणून तुमचा जुलै.

त्या जुलैत नदी पाहून तुमच्यातला कुणीतरी नक्की म्हणेल, ‘एवढ्याशा पाण्याला पूल कशाला?’ पाणी गुडघाभर, बायका डोक्यावर ओझी घेऊन सरळ चालत जात असतात. कोकणातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आमच्या वहाळावर आजीच्या काळी पोफळीच्या सोटांचा साकव असायचा. तो वैशाखात बांधायचा आणि एखाद्या आषाढात वाहून जायचा. साकव गेला की पलीकडे गेलेला माणूस पाहुणा म्हणून पलीकडेच राहायचा. रवांडात नेमकं तेच, फक्त वर्षातून दोनदा.

पूल नसण्याची किंमत मोजलेलीही आहे, पण ती निकाराग्वात. वायट ब्रूक्स आणि केव्हिन डोनोवन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या खेड्यांत पूल होण्यापूर्वी आणि झाल्यावर घरोघरी पाहणी केली. ते काम २०२० मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आलं. पूल नसलेल्या गावात पूर आला की मजुरीचं उत्पन्न १८ टक्क्यांनी घटत होतं. पूल झाल्यावर ही घट उरली नाही. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की पुराचा धोका गेल्यावर लोकांचं शेतीत पैसे घालणं आणि बचत करणं, दोन्ही बदललं. म्हणजे पुराच्या चार दिवसांची भीती वर्षभर खर्चात धरलेली असते.

आता तुमच्या उपयोगाचं.

माझ्या पहिल्याच साइटवर पहिल्याच सकाळी मी मोठ्या उत्साहाने टॉवरखालच्या दगडी बांधकामात उतरले. दोन तासांत सात-आठ दगड बसवले. शेजारचा गवंडी, पन्नाशीचा असेल, काही बोलला नाही. मी पाणी प्यायला गेले आणि आले तेव्हा माझे पाच दगड काढून बाजूला मांडलेले होते, उरलेल्यांच्या पोटात चिपा बसत होत्या. सांधेमोड मी पाळलीच नव्हती. उभे सांधे एकावर एक आले होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ते मी वहीत सुबक काढलं होतं! किन्यारवांडात गवंड्याला उमुफुंडी म्हणतात आणि त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला उमुयेदे. दुपारपर्यंत साइटवर माझं नाव उमुयेदे पडलं आणि ते अगदी योग्य होतं. त्या दिवसानंतर मी घमेली वाहिली, दगड धुतले, आणि संध्याकाळी ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून त्याच गवंड्याला दोन्ही काठांच्या टॉवरचे माथे एका पातळीत आहेत की नाही ते दाखवलं. ते मात्र त्याला हवं होतं. नदीपलीकडची पातळी पाण्याच्या नळीने काढता येत नाही.

गवंडीकाम, खोदाई, सुतारकाम यांत तुम्ही अडगळ आहात आणि पहिले चार दिवस ती अडगळ सगळे हसून सहन करतील. केबल चढवणं, झोळ (मध्यभागी केबल किती खाली लोंबते ते) लावणं, क्लॅम्प तपासणं, मोजमाप लिहून ठेवणं, हे तुमचं काम. त्यामुळे कामाचं वेळापत्रक मागवून घ्या. तुमचे दोन आठवडे पायाच्या खोदाईवर पडत असतील तर तारीख बदलून मागा. न लाजता मागा. केबल ते डेक (चालायचा फळ्यांचा पृष्ठभाग) हा टप्पा दोन आठवड्यांत बसतो आणि तिथे जास्तीचे वीस हात-डोळे खरोखर कामी येतात.

तुम्ही पोचण्याआधी तिथे काय झालेलं असतं, हे समजून घेणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण पूल टिकतो की नाही ते बहुतेक तेव्हाच ठरलेलं असतं. पुराची खूण हे त्यातलं पहिलं. या नद्यांवर मोजणीचे आकडे क्वचितच असतात, विचारूनच काढावं लागतं. आम्ही तीन माणसांना वेगवेगळं गाठायचो, एकत्र कधीच नाही; एकत्र विचारलं की सगळे वयाने मोठ्या माणसाचं ऐकतात. एक म्हातारा, एक नदीकाठच्या शेताचा मालक, आणि एक बाई जी तिथे रोज कपडे धुते. बाईचं उत्तर बहुतेक वेळा खरं निघायचं, कारण तिला दगड माहीत असतो: ‘पाणी या दगडावरून गेलं, त्यावरून नाही.’ त्या खुणेच्या वर, दरी अरुंद असेल तर निदान २ मीटर आणि सपाट पूरमैदान असेल तर ३ मीटर पुलाचा सगळ्यांत खालचा बिंदू राहिला पाहिजे. सगळ्यांत खालचा बिंदू म्हणजे झोळाचा तळ. नवखे इंजिनिअर टॉवरपासून मोजतात.

खूण चुकली तर काय होतं याचं उदाहरण असे पूल बांधणाऱ्या एका संस्थेच्या जन्मकथेतच आहे. २००१ मध्ये केन फ्रँट्झ या अमेरिकी बांधकाम व्यावसायिकाने एका मासिकात फोटो पाहिला: इथिओपियात निळ्या नाईलवरचा जुना दगडी पूल मधोमध तुटलेला, आणि त्या खिंडारावरून माणसं दोराने ओढून पार केली जातायत. त्यातून ‘ब्रिजेस टू प्रॉस्पेरिटी’ ही संस्था निघाली, जी पुढे रवांडात मोठ्या प्रमाणावर काम करू लागली. २००२ मध्ये त्यांनी त्या खिंडारावर लोखंडी स्पॅन टाकला. २००५ च्या पुराने तो नेला. मग २००९ मध्ये वेगळ्या जागी, उंचावर, झुलता पूल बांधला. मला ही गोष्ट आवडते, कारण ती लपवलेली नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. पायथे काठाच्या कडेपासून निदान ३ मीटर मागे असतात आणि त्यामागे केबलची टोकं जमिनीत धरून ठेवणारे अँकर, म्हणजे दोन्ही बाजूंना कुणाच्या तरी शेताचा तुकडा जातो. तिथे शेतं गुंठ्यांतली असतात. एका साइटवर केळीच्या बारा झाडांवरून तीन आठवडे काम अडलं होतं. आमच्या संस्थेच्या माणसाने घाई करून तोंडी होकारावर खोदायला घेतलं आणि मालकाच्या भावाने येऊन खड्डा बुजवला. मला विचाराल तर भावाचं बरोबर होतं.

तिसरी गोष्ट मजुरीची, आणि इथे जरा सावध राहा. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा असतो: सकाळी सगळ्या गावाने सार्वजनिक काम करायचं, मग बैठक. आपली माणसं ते पाहून भारावतात आणि ‘अगदी आपल्या श्रमदानासारखं’ म्हणतात. सारखं आहे आणि नाहीही. १८ ते ६५ वयाच्या धडधाकट माणसाला तिथे हजेरी सक्तीची आहे, गैरहजेरीला दंड होऊ शकतो. आणि त्या देशाच्या आठवणीत उबुरेत्वाही आहे: पूर्वी सरदारांनी आणि मग वसाहतकाळात अधिक कडकपणे लादलेली वेठ. त्यामुळे ‘गावकऱ्यांनी दोन महिने मोफत श्रम दिले’ असं वाक्य अहवालात दिसलं की मी विचारते, कोणी, कोणत्या हंगामात, आणि नाही म्हणायची सोय होती का? आमच्याकडे दगड-वाळू वाहून काठावर आणणं उमुगांडात व्हायचं आणि रोजचं काम रोजंदारीवर. गवंड्यांना गवंड्याचा दर. तुमच्या संस्थेची पद्धत जाण्यापूर्वी विचारून ठेवा. मजूर फुकट आणि तुमची विमानाची तिकिटं कंपनीच्या खर्चाने, असं असेल तर तो हिशेब साइटवरची माणसं तुमच्याआधी करतात.

आता केबल. इथे रेंगाळते, कारण तुमची खरी परीक्षा इथे आहे.

तुम्ही बांधणार तो पूल बहुधा उंच टॉवरचा नसेल. त्यात चालायच्या केबल आणि कठड्याच्या केबल काठावरच्या बुटक्या दगडी टॉवरवरून जाऊन मागे जमिनीतल्या अँकरला बांधलेल्या असतात, आणि माणूस केबलच्या झोळातूनच चालतो. या पद्धतीचं खरं माहेर नेपाळ. तिथे १९६४ पासून सरकारचा झुलत्या पुलांचा विभाग आहे, स्विस मदतीने प्रमाणित नकाशे झाले, आणि १९८९ पासून १२० मीटरपर्यंतचे पूल गावपातळीवर बांधले जाऊ लागले. आपल्या शेजारी दक्षिण कन्नडातल्या सुळ्यचे गिरीश भारद्वाज यांनीही १९८९ मध्येच पयस्विनी नदीवर पहिला झुलता पूल बांधला. पुढे शंभरावर बांधले, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. जमलं तर जाण्याआधी तिकडचा एखादा पूल पाहून, त्यावर उभं राहून या. आफ्रिकेत जाऊन पहिल्यांदा झुलता पूल पाहण्यापेक्षा ते बरं, आणि एसटीच्या भाड्यात होतं.

झोळ किती ठेवायचा? लांबीच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ६० मीटरला ३ मीटर. घट्ट ओढलेला पूल मजबूत, असं सगळ्यांना वाटतं. वाळत घालायच्या दोरीवर ओली गोधडी टाकून बघा: दोरी जितकी ताठ, तितका खिळ्यावर ताण जास्त. आडवा ताण म्हणजे प्रतिमीटर भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले झोळाची आठपट. मीटरभर रुंदीच्या पुलावर माणसांची गच्च गर्दी धरली तर मीटरमागे ४०० किलो, पुलाचं स्वतःचं १०० धरा. ५०० किलो, ६० मीटर, ३ मीटर झोळ: ७५ टन. प्रत्येक काठाच्या अँकरने एवढं धरून ठेवायचं. झोळ दीड मीटरवर आणला की तेच १५० टन. गच्च गर्दीचा आकडा कागदी वाटतो, पण उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव एकदम पुलावर चढतं. जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीत कोसळला ते आपण पाहिलंय. तो पूल वेगळ्या प्रकारचा आणि जुना, पण गर्दी कशी जमते ते तसंच.

केबल नदीवरून ओढून न्यायला सगळं गाव येतं. हा साइटवरचा सगळ्यांत आनंदाचा दिवस, गाणी म्हणत चालतो आणि तासाभरात आटपतो. मग येतो कंटाळवाणा दिवस. पुलर (केबल ओढायचं हातयंत्र) लावून एकेक केबल वर घ्यायची, काठावर ऑटो लेव्हल लावून तिचा तळ ठरल्या रेषेला आणायचा. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मोकळ्या केबलचा झोळ नकाशातल्या झोळापेक्षा कमी ठेवायचा असतो, कारण डेकच्या वजनाने केबल ताणली जाते. ६० मीटरला वीसेक सेंटिमीटरचा फरक पडतो, नेमका आकडा केबलच्या जाडीवर ठरतो आणि नकाशात दिलेला असतो. दोन, सकाळ-दुपारच्या तापमानात १५ अंशांचा फरक असेल तर नुसत्या उन्हाने तळ ४ सेंटिमीटर खाली येतो. अर्ध्या केबल सकाळी सातला आणि अर्ध्या दुपारी दोनला लावल्या तर डेक तिरका होणार. तीन, केबल क्लॅम्पमधून १० सेंटिमीटर जरी सरकली तरी मध्यभागी तळ जवळजवळ ३७ सेंटिमीटर उतरतो. हा शेवटचा आकडा मी प्रत्येक नव्या तुकडीला पाठ करायला लावते.

आणि तो पाठ करायला लावते त्यामागे एक सकाळ आहे. दुसऱ्या हंगामात आमच्या हाताखाली एक उत्साही तुकडी होती. देश-कंपनी सांगत नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी पलीकडच्या काठावरचे क्लॅम्प आवळले होते, मी अलीकडे होते. पत्र्याच्या डब्यातले नट आणि हातातला पाना, एवढ्यावर. सकाळी लेव्हल लावली तर एक केबल बाकीच्यांपेक्षा खाली. तीनेक क्लॅम्प उलटे बसवले होते. यू-बोल्टच्या क्लॅम्पमध्ये यू कापलेल्या, म्हणजे सुट्या टोकाकडे यायला हवा आणि रुंद बैठक भार घेणाऱ्या तारेकडे. उलटं बसवलं की यू भाराच्या तारा चिरडतो आणि पकडही कमी होते. नशीब की डेक चढला नव्हता. अख्खा दिवस गेला, केबल उतरवून पुन्हा लावली, चिरडलेला भाग कापावा लागला. चूक त्या मुलांची मानली तर सोपं आहे. तपासायला मी पलीकडे गेले नव्हते, कारण नदी ओलांडून, चढ चढून जायला पाऊण तास लागायचा आणि अंधार होत होता. पूल नसल्यामुळे पुलाची तपासणी राहिली.

तेव्हापासून नियम केला: प्रत्येक क्लॅम्प दोन माणसांनी तपासायचा, त्यातला एक आवळणारा नसावा, आणि आवळल्यावर रंगाचा पट्टा मारायचा. दोन क्लॅम्पमधलं अंतर, प्रत्येक टोकाला किती, सगळं नकाशात असतं. टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि डेकचा भार आल्यावर सगळे पुन्हा आवळा, कारण ताण आला की केबल बारीक होते आणि कालचा घट्ट क्लॅम्प आज सैल असतो. हे दुसऱ्यांदा आवळणं बहुतेक वेळा स्वयंसेवक परत गेल्यावर येतं. म्हणून जे स्थानिक तरुण पुढे देखभाल समितीत असणार आहेत, त्यांच्याच हातात पहिल्या दिवसापासून रेंच द्या. तुम्ही शेजारी उभं राहून वही धरा. फोटोला तितकंसं छान दिसत नाही.

कधी कधी केबल बंदरातल्या क्रेनवरून निवृत्त झालेली, दान आलेली असते. तिला हलकी समजू नका, त्या केबल चांगल्या असतात, पण हातमोजा घालून पूर्ण लांबी चाचपून तुटलेल्या तारा शोधा. कंटाळ्याचं काम आहे, दहा जणांत वाटून घ्या.

डेकचं फार सांगत नाही, ते साइटवर अर्ध्या तासात कळतं. १० मिलिमीटरच्या सळईची टांगणी, मीटरमीटरवर आडवी बीम, त्यावर फळ्या, बाजूला जाळी. फक्त एक: फळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि तो केबलला अडकवलेला, गावातल्या कामगारांच्यासुद्धा. पट्टे दहा आणि माणसं सोळा, मग पाहुण्यांना पट्टे आणि बाकीच्यांना ‘सवय आहे’, हे मी पाहिलंय आणि एकदा त्यात सामीलही होते. आता सोळा पट्टे नसतील तर दहाच माणसं वर जातात.

भाषेचं विचारलं नाहीत, तरी सांगते. ‘मुराहो’ म्हणजे नमस्कार, ‘मुराकोझे’ म्हणजे धन्यवाद, ‘इकिरारो’ म्हणजे पूल. पोरं ‘मुझुंगू’ ओरडतील, तो गोऱ्यांसाठीचा शब्द तुम्हालाही चिकटेल. एखादी आजी दुरुस्ती करून ‘उमुहिंदी’ म्हणेल. जेवण उसळीच्या जवळचं: भरपूर घेवडा, बटाटा, शिजवलेली केळी, कसाव्याच्या पाल्याची भाजी. पोटाला काही होत नाही, आठव्या दिवशी तिखटाची आठवण येते एवढंच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २००८ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरा.

पैसे पाठवणं चांगलं की माणसं, हा तुमच्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न. दहा तिकिटांचे पैसे आणि एका गवंड्याचा हंगामाचा पगार समोरासमोर मांडले तर उत्तर तिकिटांच्या बाजूने येणं कठीण आहे. पण कंपन्या तिकिटांशिवाय पैसे देत नाहीत, हेही मी इतकी वर्षं पाहतेय. मी दरवेळी एवढंच मागते, की जितका खर्च प्रवासावर तितकाच पुलाच्या खात्यात पाच वर्षांच्या देखभालीसाठी वेगळा ठेवा: फळ्या, नट, रंग, आणि वर्षातून एकदा लेव्हल घेऊन जाणारा एक माणूस. दोन कंपन्यांनी ऐकलं, तीन-चारांनी पुढच्या मेलला उत्तर दिलं नाही. तुम्ही आतून विचारून बघा.

सामानात साइटचे स्वतःचे बूट, पावसाळी जाकीट (जुलैतही एखादी सर येते), हातमोज्यांचे जास्तीचे जोड, आणि एक चांगला टॉर्क रेंच. तो परत आणू नका, समितीकडे ठेवून या. वजनात बसत नसेल तर बाकरवडी कमी करा.